मुकादम

पंचविसाव्यांदा मेले तेव्हा आई म्हणाली,
झाली बघ एक जुडी.
तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं.
पंचवीस विड्या झाल्या की ती दोरा गुंडाळते.
मान वर न करता
माझी मरणंही त्याच बोटांवर मोजते.

विडी घरकुलात रात्री साडेअकराला भिंतीला हात लावावा
तर अजून तव्याचा चटका.
घरात धड पंखा एकच, तो मशीनकडे वळवलाय.
विजापूर रोडच्या हॉस्टेलवरचा पोरगा नापास झाला,
गावी जाताना चार हजारात देऊन गेला.
त्यासाठी दोन महिने ओव्हरटाइमला कॉलर शिवल्या,
कुठल्या कुठल्या शाळांच्या गणवेशांच्या,
ज्या गावांची नावं फक्त खोक्यांवर वाचली.
डावीकडचं एक बटण अडकतं.
त्याला शिलाई मशीनचं तेल घालते.

तर, तो.
पुलाच्या त्या टोकाला उभा. इंग्रजीत लांबलचक नाव,
आमच्या घरात मुकादम.
पाडलेल्या गिरणीच्या धुराड्याएवढा हातोडा,
तोंडाच्या जागी नुसती फट.
मी पाऊल टाकलं की मागं धुकं मिटतं.
खाली त्याच्या जिवाची लाल पट्टी,
बीमवरच्या सुतासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली.
आणि कोपऱ्यात माझी. चिंधी.

सुरुवातीची मरणं घाईची.
मग भीतीची.
मग चिडून चिडून मेले, ती सगळ्यात लवकर आटपली.
एकदा मधेच लाईट गेली,
म्हटलं, ही धरू नको.
आई म्हणाली, छाट विडीपण मोजतातच की,
नुसते पैसे देत नाहीत.

नायना दारात बसलेला असतो.
चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली,
आता कानात तेवढा माग उरलाय, बाकीचं काही आत शिरत नाही.
हातोड्याचा दणका, तलवार, माझ्या तोंडातली शिवी,
त्याला सगळं मुकं.
तिसऱ्या रात्री माझं लक्ष गेलं,
त्याचा अंगठा गुडघ्यावर ठोका धरत होता.
खट, खट, खट. थांब.
खट, खट, खट. थांब.
मग बहिरी माणसं बोलतात तसं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला,
तीनदा मारतो हा. मग त्याचा धोटा परत यायला वेळ लागतो.
तू पळायलीस कशाला? आत शीर.

आत म्हणजे हातोड्याच्या खाली.
त्याच्या उजव्या तर्जनीचं अर्धं पेर नाही,
तेही असंच कधीतरी आत गेलं होतं.
ते तो बोलला नाही. मीही त्या बोटाकडे बघितलं नाही,
म्हणजे बघितलं.

मग आम्ही दोघं.
अंगठे माझे, डोळे त्याचे.
आगु, तो म्हणायचा. आगु. आगु.
आणि मग, सगळ्या गल्लीची झोप मोडत,
इप्पुडु!
की मी त्या उचललेल्या हाताखालून
तुटलेला ताणा जोडायला वाकावं तशी.
काही वेळा त्याचं चुकलं. काही वेळा माझं.
अपुऱ्या झोपेने कारखान्यात दोन कॉलर उलट्या बसल्या,
त्या उसवताना पण मनात मोजत होते,
तीन, आणि थांब.

तिसरी जुडी अर्धी भरली होती तेव्हा तो गुडघ्यावर आला.
पडलासुद्धा नाही नीट,
मागाखालच्या सुताच्या भुशासारखा नुसता उडून गेला.
मी ओरडले नाही, बाहेर खाटांवर माणसं झोपली होती,
जी झोपली होती ती.
तळहात घामाने चिकट. डाव्या बटणाखालून तेल आलेलं.
बासष्ट, आई म्हणाली,
आणि दोरा दातात धरून तशीच थांबली,
जुडी पुरी झाली नाही म्हणून.

पूल ओलांडला. पलीकडे जिना,
वरच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं,
आता उठायला लागलेलं.
सकाळी आठला माझी हजेरी.
मी नायनाला हाताने खूण केली, उद्या.
तो पडद्याकडेच बघत होता, अंगठा गुडघ्यावर आलेला.
आगु, म्हणाला.
मला की त्याला, ते कळलं नाही.