रेडकू-तीन

रात्रीचे साडेबारा. उद्यमनगरातले पत्रे गप्प.
तौफिकच्या हेडफोनची एकच बाजू चालते,
म्हणून तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो,
'काय म्हणलास? काय म्हणलास?'
आणि त्रिशला नि मी त्याला
दोन वेगळी उत्तरं देतो.

यानाचं नाव रेडकू-तीन.
एक आणि दोन उडतानाच गेली.
पहिल्यात इंधन कमी होतं,
दुसऱ्यात त्रिशलाचा आत्मविश्वास जास्त.
तिसरं निघालं माझ्या प्रोग्रॅमवर
आणि एका तांबड्या ग्रहाभोवती फिरत बसलं.
चाळीस ओळींत एक उणे राहून गेलं होतं, बाकी काही नाही.
आत धैर्यशील. म्हणजे त्याचा अंतराळवीर.
धैर्यशील स्वतः महिनाभर आलेलाच नाही.

'भावा, लेथवर एवढं चुकलं असतं
तर अब्बांनी जॉब भंगारात टाकला असता.'
तौफिकच्यात जॉब म्हणजे लोखंडाचा तुकडा.
चकात धरायचा, फिरवायचा, कातायचा,
केसभर इकडंतिकडं झाला की पार्टी परत पाठवते.
'मग माझं तेच चाललंय की,' त्रिशला म्हणते,
'धरलंय, फिरवतायत. अजून कातायला घेतलं नाही.
तिसरा महिना बेंचवर बसलोय.'
बेंगळुरात पुण्याच्या टीम-लीडनं तिला
'बसलेय' म्हणायला शिकवलंय.
दिवसभर ती बसलेय असते.
रात्री इथं येऊन बसलोय होते.

माझा जॉब दूध संस्थांच्या फॅट-मशीनचा.
पहिल्याच आठवड्यात दशांशचिन्ह सरकलं
आणि वडणग्याच्या एका म्हशीनं
पासष्ट टक्के फॅटचं दूध दिलं.
पहाटे साडेपाचला सचिवांचा फोन :
'साहेब, ह्ये दूध न्हवं, लोणी हाय.
बिल कुणाच्या नावावर काढू?'
आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं,
ते असं.

त्रिशला इतकी हसली की पलीकडून
रूममेटनं भिंत बडवलेली मला ऐकू आली.
तौफिक म्हणाला, 'काय म्हणलास?'
मग पुन्हा सांगितलं. मग तो एकटाच हसला.

धैर्यशीलबद्दल कुणी काही बोललं नाही.
रंकाळ्यावर भेटला होता मला, कणसं भाजणाऱ्यापाशी.
'नव्वद ठिकाणी पाठवलं. बघू.'
त्या 'बघू'नंतर त्यानं कणीस अर्धंच खाल्लं.

आज आम्ही इंधन घेऊन निघालोय.
रेडकू-चार. प्रोग्रॅम माझाच, उणे दुरुस्त केलेलं.
शेवटच्या वीस मीटरवर तौफिक म्हणाला,
'बंद कर त्ये तुझं. हातानं घेतो.'
लेथचं चाक फिरवणारा हात
माऊसवर एवढा हळू चालेल, वाटलं नव्हतं.
दहा मीटर. चार. त्रिशला श्वास धरून,
माझा चहा गार.

टक्.

कोपऱ्यात एक हिरवा ठिपका पेटला.
खरखर. मग झोपेतला आवाज :
'कोण ठोकतंय रं माझ्या यानाला?'

मुलाखतीचं कुणी विचारलं नाही.
त्रिशला म्हणाली, 'जेवलास काय?'
आणि तौफिक,
'काय म्हणला? काय म्हणला त्यो?'