शाही या शब्दाचं वजन

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डोळे काढतात.
दचकू नका, कुंचल्यानं काढतात:
देवांचे, मुखवट्यांचे, रथाच्या लाकडी चाकांचे.
पाटणच्या आमच्या गल्लीत चित्रकार हे आडनाव आहे, जात आहे,
आणि महिनाअखेरीचा रिकामा डबाही.

म्हणून मी, न्हुछेबहादुर, विमान कंपनीत लागलो.
काठमांडूच्या विमानतळाला जुनी माणसं अजून गौचर म्हणत.
गौचर म्हणजे गायरान.
सकाळी आधी गुरं हाकायची, मग डाकोटा उतरायचा,
आणि त्याच्या पोटाला उडालेलं शेण
मीच धुवायचो, अक्षरांना हात लावण्याआधी.

अक्षरं हातभर उंच: शाही नेपाल.
दाराशेजारी आकाशभैरवाचं निळं तोंड.
डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे, हा आमचा नियम.
कर्माचार्य इंजिनियर म्हणायचे,
न्हुछे, असा रकाना फॉर्मवर नाही.
मी म्हणायचो, मग मी शिडीवरून उतरत नाही.
इंजिन सुरू व्हायच्या आधी दोन ठिपके.
बास.

डोंगरात रस्ता नव्हता. आम्ही होतो.
जुम्ल्याच्या धनसरा रोकायानं
जन्मात पहिलं चाक पाहिलं ते विमानाचं.
बैलगाडी पाहिली बारा वर्षांनी, खाली नेपालगंजला,
आणि विचारलं म्हणे,
हिचे पंख कुणी तोडले?

धावपट्टीचा भोंगा तिच्याकडे, हातानं फिरवायचा.
भोंगा झाला की शेळ्या बाजूला, पोरं बाजूला,
मीठ उतरलं, सफरचंदं चढली,
अडलेली बाळंतीण चढली, तिचा नवरा खाली राहिला.
काटा एकच, माणसांना आणि पोत्यांना.
एका म्हाताऱ्याचं दीड किलो जास्त भरलं,
तेव्हा त्यानं जोडे काढून धनसराजवळ ठेवले
आणि राजधानीत अनवाणी उतरला.

आपल्याकडे ढगात दगड असतात,
कॅप्टन थुलुंग हसत सांगायचे.
त्यांचं विमान सतराव्या दिवशी याकवाल्यांना सापडलं.
हँगरमध्ये पत्र्याचा एक तुकडा आला,
त्यावर भैरवाचा एकच डोळा, उघडा.
दुसरा मी त्या सकाळी काढला होता,
की मी रजेवर होतो आणि दुसऱ्याच कुणी दोन्ही आदल्या रात्री उरकले,
ते हजेरीपुस्तकात असेल.
मी पाहिलेलं नाही.

मग राजा गेला. हुकूम आला: शाही पुसा.
राज्य उलथायला दहा वर्षं लागली, मला दीड दिवस.
रसायन, पॉलिश पेपर, नाकावर फडकं.
आधी वेलांटी गेली, मग ह, मग काना.
श चिवट निघाला.
खरवडलेला रंग वर्तमानपत्रावर गोळा करून
कॅन्टीनच्या तराजूत टाकला: दीड पाव.
कर्माचार्य, निवृत्तीला आलेले, चष्मा पुसत म्हणाले,
चला, धनसराला तेवढं मीठ जास्त जाईल.
आम्ही हसलो.
चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही.

हल्ली भैरव स्टिकरवर छापून येतो,
पाकिटातूनच डोळे उघडे घेऊन.
विमानं मोजायला घेतली की बोटं उरतात.
नातू कतारला गेला, भलत्याच देशाच्या विमानानं;
मी गच्चीवरून पाहिलं,
शेपटीवरचं अक्षर वाचता आलं नाही.

जुम्ल्याला आता बस जाते.
परवा धनसराच्या मुलाचा फोन आला,
आई गेली, भोंगा घरातच आहे,
पावती नाही, कुणाकडे जमा करायचा?
मला ऑफिस आठवेना, साहेब आठवेना.
म्हटलं, असू दे. अधूनमधून फिरवत जा.
शेळ्यांची सवय मोडायला नको.