सोलता येतं ते

टॉवेलच्या काठांची शिलाई, शनिवारचा हिशेब:
भाजीला दोनशे दहा.
जुळे सोलापुरात मैदानाच्या कडेला
विषमुक्त मालाची गाडी लागते सातला.

कांदा इथला नको. त्याला कपडेच इतके,
वरचे दोन काढून टाकले की झालं.
डाळिंबही मंडईतलंच,
त्याची कातडी आपल्यापेक्षा जाड.
केळी, भुईमुगाच्या शेंगा
आपलं आपण झाकून येतात.

पालक मात्र इथून घेते. दोन जुड्या.
पान म्हणजे नुसतं अंग, उघडं.

उरले ऐंशी.
द्राक्षांपाशी हात थांबतो.
मोहोळकडच्या बागेत दोन हंगाम
पाठीवर पंप घेऊन फिरलेला माझा भाऊ नरसय्या
अजून द्राक्ष तोंडात घालत नाही.
आग्रह केला तर हसतो,
"सोलून दे, खातो."

पाव किलो. सत्तर गेले.
"ताई, धुवायचीपण गरज नाही," गाडीवाला म्हणतो.
मी तरी मिठाच्या पाण्यात बुडवते,
सवय.

संध्याकाळी स्रवंती ओट्याशी गप्प बसलेली.
बघते तर
एक द्राक्ष नखांनी सोललंय तिनं,
चुरगळलेलं, निम्मा रस मनगटावर,
आणि वाटीखाली झाकून ठेवतेय
मामासाठी.