इतर गुण

निवड समितीची तिसरी बैठक,
ऐरोली, दुपारी चार.
आधी चहा झाला, मग प्रार्थना.
वहीत उलटं लिहायची पद्धत आहे.
मी चिटणीस. तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो;
आलेला माल, गेलेला माल,
एवढंच मला लिहिता येतं.

आलेले अर्ज: पाच.
एकाने पियानोसोबतचा फोटो जोडलाय.
एकाचे उपदेश मोबाइलवर चाळीस हजार लोक बघतात.
एकाने पगाराच्या जागी लिहिलंय, परमेश्वर पुरवील,
आणि खाली बारीक अक्षरात आकडा.

हिवाळे साहेब छापील तक्ते वाटतात.
शिक्षण. वय. आवाज. इंग्रजी उपासना घेता येते का.
तरुणांना धरून ठेवतील का.
सातवा रकाना: इतर गुण.

माझं पेन तिथे अडलं.

पाडळे पाळकांना गाता येत नव्हतं.
दुसऱ्या कडव्यापर्यंत ते मंडळीला
भलत्याच पट्टीत घेऊन जायचे
आणि तिथे सोडून द्यायचे.
उपदेश लांबला की दिघ्याच्या शाळेचा वॉचमन
दाराशी किल्ल्या वाजवायचा.
नावं विसरायचे. माझ्या बायकोला अकरा वर्षं
सुनंदा म्हणाले. ती सुनीती.
रागवायचेसुद्धा. एकदा नाताळच्या जेवणात
खाणीवरच्या बायकांना कुणी रांगेत शेवटी उभं केलं,
तर हे आपलं भरलेलं ताट ठेवून
जाऊन त्यांच्याही मागे उभे राहिले,
आणि आम्हाला तोंडातला घास
गिळावा की नाही कळेना.
मटण संपलं होतं त्यांच्यापर्यंत. त्याचाही राग आला त्यांना,
ते लपवलं नाही.

यातलं काय लिहू?

दिघ्याची बंद खाण. तिच्यात साठलेलं हिरवं पाणी.
योएल लोंढे, वय तेरा.
काठावर चपला नीट जोडून ठेवलेल्या,
घरात शिरताना ठेवतात तशा.

रात्रभर आम्ही त्या खोलीत दाटीने बसलो,
प्रत्येकाकडे एकेक वचन.
देवाची इच्छा, कुणीतरी म्हणालं.
सगुणाबाईंनी पाळकांकडे बघितलं: का?
"मला ठाऊक नाही, बाई."
एवढंच. शास्त्र मांडीवर होतं, उघडलं नाही.
हिवाळे साहेब बाहेर येऊन मला म्हणाले,
हे काय उत्तर झालं?
मलाही तसंच वाटलं होतं. नोंद करतो.

पहाटे साडेचारला नळ आला.
वीस मिनिटं येतो तिथे, टेकडीवर त्याहून कमी.
मेल्या घरात कुणाला आठवणार?
बादल्यांचा आवाज झाला म्हणून उठलो, तर
पाळक, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
एक पिंप, दोन ड्रम, तीन हंडे,
शेजारच्या म्हातारीची कळशी.
रांगेतल्या बायका गप्प.
एकच म्हणाली, "साहेब, हंडा कडेवर घ्या. असा नसतो धरत."
त्यांनी तसा घेतला. बराच सांडला.
मी पाइप धरला,
कुणीतरी धरायला हवा होता म्हणून.

सकाळी शवागारातून पोर घरी आलं,
तेव्हा त्याला अंघोळ घालायला
तेच पाणी लागलं.
मला तोवर हे सुचलं नव्हतं.
त्यांना सुचलं होतं का,
कधी विचारलं नाही.

"चिटणीस, तुमचा तक्ता?"

सातव्या रकान्यात मी लिहिलं:
नळाला पाणी कधी येतं ते माहीत असावं.

हिवाळे साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे गुणात धरायचं?"
कुणी हसलं. पंखा फिरत होता, कागद उडत होते.

सगुणाबाई यंदा समितीवर आहेत.
दोन बैठकांत एक शब्द बोलल्या नाहीत,
पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळ बसतात.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं,
आपला कोरा तक्ता माझ्यापुढे सरकवला.
"दादा, सातवा म्हणजे यातला कुठला?"

मी बोट ठेवलं.