एकशे वीस तास

कॉलेजच्या पत्रावर शिक्का होता:
एकशे वीस तास, दोन श्रेयांक.
मी आणि तहसीन सांगलीहून सिटी बसने मिरजेत उतरलो,
हातात कोऱ्या करकरीत वह्या,
वहीत चार रकाने:
तारीख, वेळ, काम, काय शिकलात.

संस्था म्हणजे औषध दुकानावरची दीड खोली.
एक कपाट, एक कॉम्प्युटर, गाद्यांची चळत
आणि लोकरीच्या टोप्यांचं पोतं,
कुपवाडच्या बायकांनी हौसेनं विणलेल्या,
सगळ्या मोठ्या मापाच्या.
पहिले तीन दिवस आम्ही टोप्या उसवून लहान केल्या.
वहीत लिहिलं: टोप्या. साडेपाच तास.
शेवटचा रकाना मोकळा.

मृणालताई फार बोलत नाहीत.
पहिल्या दिवशी इतकंच म्हणाल्या,
"रडू आलं तर जिन्यात जायचं.
जिन्यात आधीच कुणाची आई बसलेली असेल
तर गच्चीवर."

इराण्णा उमदीचा. सात वर्षांचा.
त्याला मराठी येतं, पण सुई टोचली की येत नाही.
मग तो कानडीत भांडतो,
आणि तहसीन, आजोळ अथणीचं असल्यामुळं,
त्याच्या बाजूनं भांडते.
मला महिन्याभरात एकच शब्द आला: साकु.
पुरे.

एकदा रिपोर्टला दोन तास होते म्हणून
ताईंना विचारून, मास्क दोनदा बांधून
त्याला सतारीच्या गल्लीत नेलं.
दुकानाबाहेर भोपळे वाळत ठेवलेले.
त्यानं टोपी काढली, एका भोपळ्याला घातली
आणि विचारलं, "ह्याचे पण गेले?"
इस्माईलचाचांनी रंधा खाली ठेवला,
भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला.
"हा अजून वाळायचाय. घाई केली की तडकतो."
इराण्णानं मग स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली
आणि त्यांच्याकडं बघत राहिला.
चाचा वाकले. कान लावला. बराच वेळ.
"आहे," म्हणाले.
काय आहे, ते त्यांनी सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.

कॉम्प्युटरवरचं काम माझं.
चारशे बारा ओळी, एका ओळीत एक मूल.
शेवटी तीनच पर्याय:
चालू. पूर्ण. बंद.
"बंद म्हणजे?"
ताई पावत्यांना पिना मारत होत्या.
"फोन बंद. गाव सोडलं. पैसे संपले.
ऊसतोडीला गेले. देवऋषाकडं गेले."
एक पिन वाकडी बसली, ती नखानं उपसली.
"आणि ते."

बंद तेवीस होते. सगळ्यांना पुन्हा फोन लावायचे.
कागदावर वाक्यं लिहून दिलेली:
आधी पालकांची चौकशी करा, आवाज हळू ठेवा.
सोळा नंबर लागलेच नाहीत.
एका बापानं नुसतं ऐकून घेतलं आणि ठेवला.
विसावी ओळ, कवठेमहांकाळ.
"आई रानात गेलीय. कोण बोलतंय?"
मी आवाज हळू ठेवून म्हणाले, पूर्वाबद्दल बोलायचं होतं.
"मीच की."

कागदावर पुढचं वाक्य नव्हतं.
"काय काम होतं?"
काही नाही गं, असंच.
"मग ठेवू? भाकरी करपतीय."

चालू नाही. पूर्णला डॉक्टरांची सही लागते.
मी शेरा या रकान्यात लिहिलं: भाकरी करते.
ताईंनी वाचलं. खोडलं नाही.
मी गच्चीवर गेले. जिना मोकळा होता, तरी.

तास गुरुवारी भरले.
सर म्हणाले, शेवटचा रकाना रिकामा चालणार नाही.
तहसीननं लिहिलं "संवादकौशल्य".
मी तेच उतरून काढलं.

इराण्णाचं पुढचं सलाईन सोमवारी होतं.
सोमवारी दोघींनीही नेहमीचीच बस धरली, वह्या न घेता,
आणि आधी गल्लीत गेलो.
टोपी त्या दिवशी तिथंच राहिलेली.
चाचांनी ती खुंटीवरून काढून दिली.
आत लाकडाचा भुसा होता. झटकला.
तहसीननं ती मुठीवर ताणून बघितली.
अजून मोठीच आहे,
दोन ओळी उसवाव्या लागतील.