नऊ मिलीमीटर

बाबालाल शिकलगारांनी सायकल उलटी टांगली
आणि बोटाच्या पेरानं मागची नळी वाजवली,
मडकं घेताना वाजवतात तशी.
"पातळ हाय," म्हणाले. "हिला कुणी
बुडाशी धरून थांबवंल, असं
करणाऱ्याच्या मनातसुद्धा नव्हतं."

उद्यमनगरात दुपारचे तीन.
शेजारच्या फाउंड्रीतून जळक्या वाळूचा वास,
समोरच्या लेथवर बिडाचा काळा भुगा.
मी पिशवीतून तबकडी काढली,
सहा स्क्रूंची,
अनारशाला पडते तशी जाळी पडलेली.

मागच्या श्रावणात, वाघबिळाच्या उतारावर,
ओल्या रिमवरून रबर नुसतं सरकत गेलं.
समोर दुधाचा टेम्पो.
मी थांबले ती ब्रेकनं नाही,
करवंदीच्या जाळीनं.
कोपरावरची खूण अजून खाजते.

"मग नवी का घेत न्हाईस?"
हे घरचे विचारतात, शाळेतले विचारतात,
आता शिकलगारही.
मी पाच फूट अकरा.
बायकांची म्हणून दुकानात दाखवतात
त्या सायकलींवर माझे गुडघे हँडलला लागतात.
ही चौकट जुन्या बाजारात सापडली,
कुणा लंबूटांग्यासाठी केलेली.
पहिल्यांदा बसले तेव्हा
कुठंच वाकावं लागलं नाही.
एवढं सगळं सांगितलं नाही.
म्हटलं, "हीच पाहिजे."

ते बराच वेळ गप्प.
मग खडूनं फरशीवर चाक काढलं.
"हे फिरतंय. ह्याला धरलंस.
आता फिरणं गेलं कुठं?
जात न्हाई ते.
रिमला धरलंस तर दोन्हीकडं वाटून वर जातंय.
हितं धरलंस तर सगळं
ह्या एका डाव्या काडीवर."

नवा हब रुंद. मागचे पाय फाकवायला
आट्यांचा गज घातला, दोन्ही नट बाहेर बाहेर फिरवत नेले.
हवे होते नऊ मिलीमीटर.
चौकट पंचवीस फाकली,
सोडल्यावर परत आली,
पुन्हा फाकली, पुन्हा आली,
तिसऱ्यांदा
थोडं विसरून आली.

मग रंग खरवडला. टाकणखाराची पांढरी लाही,
निळी ज्योत, आणि पितळ
तहान लागल्यासारखं सांध्यात ओढलं गेलं.
डाव्या दोन नळ्यांमध्ये पेन्सिलीएवढा तुकडा, आधाराला.
पुढच्या चिमट्याला मात्र हात लावला नाही.
"त्यो वाकंल. पुढं रबरच ऱ्हाऊ दे."
मी वाद घातला.
त्यांनी गॅस बंद केला.

रविवारी पन्हाळ्यावरून खाली.
वाघबिळाच्या आधी दोन बोटांनी दाबलं:
बारीक किर्र,
आणि चाक ऐकून थांबलं.
सायकल किंचित डावीकडं कललेली,
एकाच कानानं ऐकू येणाऱ्या माणसासारखी.
करवंदीची जाळी होती तिथंच होती.

सांध्यावर रंग लावला नाही,
तडा गेलाच तर दिसावा म्हणून.
शनिवारी खोबरेलाचं फडकं फिरवते,
मग नख:
लोखंडावरून पितळावर,
पितळावरून लोखंडावर.
नख अडकलं तर चौकट घेऊन
आधी त्यांच्याकडं जायचं, असं ठरलंय.

या शनिवारी काही नाही.