खोकला

निमटोल्याला शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावला,
मंडपवाल्याकडच्या कापडाचा.
एका कोपऱ्यात कुणाच्यातरी लग्नातली हळद होती,
ती तळ्यावरच्या आभाळात बरोबर बसली.

सगळा ढिवरटोला आला होता.
पोरं पडद्यात स्वतःला शोधत होती,
बाया एकमेकींना:
"पाय वं, तुह्या लुगड्याले केवढा छेद!"
हसणं मागच्या रांगेपासून पुढे येत होतं.

मग सायत्रा आली.
मरून आठ महिने झालेली,
भिंतीएवढी उंच,
जाळ्याचं तुटलेलं घर सांधत बसलेली.
हसणं होतं तिथे थांबलं.
कुणीतरी पायातली चप्पल काढून ठेवली.

माहितीपटात तिला विचारलंय,
भीती वाटते का कशाची?
ती बराच वेळ गप्प. दातांनी दोरा तोडते.
"पान्याची," म्हणते. "पयल्यापासून.
ह्यायले नाही सांगतलं कधी.
डोंग्यात एकटा मानूस बरा नाही दिसत."

यादोराव पुढे, पोत्यावर बसलेले.
एकतीस वर्षं
पहाटेच्या डोंग्यात ती पुढे, ते मागे.
त्यांना दिसायची ती पाठच.

दिवे लागल्यावर म्हणाले, मांगं घे.
मला वाटलं, तिचं बोलणं पुन्हा ऐकायचं असेल.
"ते नाही. त्याच्या आंधी. चूप हाये ते."

घेतलं. तीनदा.
त्या चूप राहण्यात काहीच नाही:
एक पाणकोंबडी, लांबचा पंप,
आणि चौकटीबाहेरून खोकला,
आधी जवळ,
मग जरा दूर.

माझं काम आवाजाचं.
त्या खोकल्यावर मीच लाल खूण केली होती,
काढून टाका, लक्ष जातं.
घाईत राहून गेला.

"मी होतो ना तती," यादोराव म्हणाले,
"कुडाच्या मांगं. जाळं वाळू घालत.
मी कवा जातो
याची वाट पाहून रायली होती ते."

कुणी काही बोललं नाही.
एक बाई उगाच लेकराला थोपटत राहिली,
ते केव्हाच झोपलं होतं.

पडदा उतरवला. डाग पुन्हा हळदीचा झाला.
वायर गुंडाळताना
तळ्याच्या वाटेवर खोकला ऐकू येत होता,
आधी जवळ.
मी सवयीने मोजत राहिलो,
किती पावलांवर
तो ऐकू येईनासा होतो.